अठरा वर्षं कारखान्यात काढल्यावर बिझनेस स्कूलमध्ये शिकवायला जावं का?

भांडुपकर_मेक

नमस्कार मंडळी. आठ-नऊ वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय माझ्यासाठी फार मोठा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी मेकॅनिकल इंजिनियर. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून २००७ साली बाहेर पडलो. तेव्हापासून रबाळे-महापे पट्ट्यात उत्पादन बघतोय. आधी प्रेस शॉप (पत्रा दाबून भाग बनवतात तो विभाग), मग असेंब्ली, आता दोन्ही. मधे नोकरी सांभाळून चर्चगेटला मॅनेजमेंटचा संध्याकाळचा तीन वर्षांचा कोर्स केला. गेली तीन वर्षं दर शनिवारी एका कॉलेजात ऑपरेशन्स, म्हणजे उत्पादनाचं व्यवस्थापन, शिकवायला जातो. व्हिजिटिंगचं मानधन येण्याजाण्यात आणि चहात संपतं, पण शनिवारची वाट मी सोमवारपासून बघतो. गेल्या महिन्यात एका मुलीने तास संपल्यावर विचारलं, "सर, मशीन रिकामं ठेवणं कधीकधी फायद्याचं असतं, हे तुम्ही तुमच्या साहेबांना पटवलंत का?" घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता.

पूर्णवेळ पीएचडी करून बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक व्हावं असं मनात घट्ट बसलंय. वय ४०. बायको बँकेत आहे, मुलगी आठवीत, घराचे हप्ते अजून सात वर्षं.

अठरा वर्षांच्या अनुभवाला तिथे किंमत असते का? ४० म्हणजे उशीर झाला का? आणि नोकरी सांभाळून करावं की सोडून? ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

सई_पार्ले

वाचतेय. माझा भाऊही याच विचारात आहे.

लेथ_मशीन

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चांगला प्रॉडक्शन इंजिनियर तयार व्हायला पंधरा वर्षं लागतात. तुम्ही आता कुठे तयार झालात आणि निघालात. आमच्याकडे टूल रूममध्ये डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बसवणारा माणूस मिळत नाही, प्रेसचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगणारा तर नाहीच. आयआयटीतून बाहेर पडलेला पोरगा कॅट देतो, आयआयएमला जातो आणि बँकेत नोकरी धरतो. आता चाळिशीतले अनुभवी लोकही फळ्याकडे निघाले, तर वस्तू बनवणार कोण? वागळे इस्टेट आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. उरलेत ते तरी जपा.

गिरगावकर

लेथभाऊ, तळमळ पोचली. पण शिकवणारा माणूस चार-पाचशे पोरं तयार करतो, त्यातली पाच जरी शॉप फ्लोअरवर टिकली तरी हिशेब जमतो की.

नानाकाका_ठाणे

इंजिनियरने मॅनेजमेंट शिकवायला जाणं ही काही नवी गोष्ट नाही. विषयाचा पायाच मुळी इंजिनियरांनी घातला. फ्रेडरिक टेलर मेकॅनिकल इंजिनियर, हेन्री गँटही मेकॅनिकलचे, फ्रान्सचे हेन्री फेयोल खाणींचे इंजिनियर. एका वेळी किती माल मागवला तर सगळ्यात स्वस्त पडेल याचं जे सूत्र आज पहिल्याच सत्रात शिकवतात, ते १९१३ साली मांडणारे फोर्ड हॅरिसही इंजिनियरच. आपल्याकडचे सी. के. प्रल्हाद पण इंजिनियर आणि मग मिशिगनला प्राध्यापक.

चौथं_वर्ष

नानाकाका, एक दुरुस्ती. प्रल्हाद भौतिकशास्त्राचे पदवीधर होते. मद्रासला शिकले, युनियन कार्बाइडमध्ये काम केलं, मग अहमदाबाद आणि पुढे हार्वर्ड. मॅनेजमेंटचे दुसरे नावाजलेले प्राध्यापक सुमंत्र घोषालही भौतिकशास्त्राचेच, इंडियन ऑइलमधून गेलेले. पण इंजिनियरच हवा असेल तर आपल्या पवईतलं उदाहरण आहे. नितीन नोहरिया १९८४ साली आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनियर झाले, १९८८ साली एमआयटीच्या स्लोन स्कूलमधून पीएचडी केली, त्याच वर्षी हार्वर्डला शिकवायला लागले आणि २०१० ते २०२० अशी दहा वर्षं हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन होते.

धागाकर्त्यांसाठी: मी पवईतच मॅनेजमेंटची पीएचडी करतेय, इलेक्ट्रॉनिक्समधून आलेय. रात्री सविस्तर लिहिते.

नानाकाका_ठाणे

दुरुस्ती मान्य, धन्यवाद. इतकी वर्षं मी हे चुकीचंच सांगत आलो.

भांडुपकर_मेक

नोहरियांचं वाचून बरं वाटलं, पण ते पदवीनंतर लगेच गेले. माझ्यासारखं आधी बराच काळ प्रत्यक्ष काम करून मग गेलेलं कोणी आहे का?

पवईकर_मास्तर

आहे, आणि माझ्या मते या वाटेवरचा सगळ्यात मोठा माणूस तोच. जे फॉरेस्टर. अमेरिकेतल्या नेब्रास्कात गुरांच्या एका फार्मवर १९१८ साली जन्म. शाळेत असताना जुन्या गाड्यांचे भाग जमवून पवनचक्कीवर चालणारं जनित्र बनवलं आणि घरात पहिल्यांदा वीज आणली. पुढे एमआयटीत इलेक्ट्रिकल. व्हर्लविंड हा सुरुवातीच्या काळातला मोठा संगणक त्यांच्या देखरेखीखाली झाला, चुंबकीय कड्यांची स्मृतीही त्यांनी विकसित केली. इतकं सगळं झाल्यावर १९५६ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते एमआयटीच्याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये गेले.

तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्यांना एक कोडं सांगितलं. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, आणि दोन-तीन वर्षांनी निम्म्या लोकांना घरी बसवावं लागायचं. सगळे म्हणत, बाजारात चढउतार आहे. फॉरेस्टरनी विचारलं की तुम्ही माणसं कधी घेता, माल कधी मागवता, कोणता आकडा बघून ठरवता. मग वहीच्या पानावर पेन्सिलीने रकाने आखून आठवड्यामागून आठवडा हिशेब मांडला. बाहेरची मागणी स्थिर धरली तरी हेलकावे येतच राहिले, कारण ते कारखान्याच्या स्वतःच्याच ठरवण्याच्या पद्धतीतून येत होते. सिस्टिम डायनॅमिक्स ही पूर्ण शाखा त्या वहीच्या पानातून निघाली.

आता माझं सांगतो. मी १९९८ साली या क्षेत्रात आलो. कांजूरला एका कारखान्यात अकरा वर्षं होतो, तो बंद पडला. त्या काळात तो रस्ता ओळीने बंदच पडत होता. पीएचडी करताना पहिली दोन वर्षं मी अतिशय वाईट विद्यार्थी होतो, आणि त्याचं कारण माझा अनुभव होता. गाईड विचारायचे, "तुमचा प्रश्न काय?" मी उत्तर सांगायचो. मशीनची मांडणी अशी करा, साठा इतका ठेवा. ते पुन्हा शांतपणे विचारायचे, "हो, पण प्रश्न काय?" कारखान्यात तुम्हाला पगार मिळतो तो बंद पडलेलं चालू करायला. इथे आधी हे सांगावं लागतं की नेमकं काय कुणाला कळलेलं नाही. ती सवय लागायला मला दोन वर्षं लागली.

भांडुपकर, तुमच्या शॉपमधली एखादी अशी गोष्ट सांगा जी तुम्हाला स्वतःला नीट कळलेली नाही. सुधारायची राहिलेली नको, न कळलेली हवी.

सई_पार्ले

मास्तर, वहीच्या पानाची गोष्ट फार आवडली.

कल्याण_स्लो

सगळे मोठमोठी नावं सांगतायत, मी खालच्या मजल्यावरचं सांगतो. मीही इंजिनियर, बारा वर्षांच्या नोकरीनंतर उपनगरातल्या एका खासगी मॅनेजमेंट कॉलेजात लागलो. नाव लिहीत नाही. करार अकरा महिन्यांचा, मग पुन्हा अकरा. उन्हाळ्यात प्रत्येक शिक्षकाला अॅडमिशनचं टार्गेट. मी अंधेरीच्या एका प्रदर्शनात स्टॉलवर उभा राहून पत्रकं वाटली आहेत. आठवड्याला अठरा तास, वर मान्यतेच्या फायली. संशोधन कधी करणार? दोन वर्षांनी सोडलं. वर्गात मात्र मजा आली, ते खोटं नाही बोलणार. त्यातली काही मुलं अजून गुरुपौर्णिमेला फोन करतात.

तेव्हा "बिझनेस स्कूल" हा शब्द एकच असला तरी आत फार वेगवेगळी जगं आहेत. कुठे जाताय ते आधी बघा.

मुलुंडची_मेघा

पगाराचं कोणी नीट लिहील का? घर चालवायचं असतं.

चौथं_वर्ष

मेघाताई, लिहितेच. माझा मोठा प्रतिसाद:

केंद्रीय संस्थांत पूर्णवेळ पीएचडीला जी फेलोशिप मिळते ती २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये. आयआयएम आपापल्या दराने देतात. कॅम्पसवर खोली मिळते, पण कुटुंब मुंबईत असेल तर तो प्रश्नच नाही.

नंतर नोकरी. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे विद्यापीठ-कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. आयआयटी-आयआयएममध्ये सहायक प्राध्यापक ग्रेड एकचं १,०१,५०० पासून, वर भत्ते. विद्यापीठांसाठी जुलै २०२३ पासून यूजीसीने नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट ठेवली आहे. पण चांगल्या बिझनेस स्कूलला पीएचडीशिवाय कायमस्वरूपी जागा मिळेल अशी आशा धरू नका.

आता रोजचं आयुष्य. पहिली दीड-दोन वर्षं कोर्सवर्क. त्यात अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, आणि तुम्ही ऑपरेशन्सवाले असाल तर ऑप्टिमायझेशन आणि स्टोकॅस्टिक मॉडेल्स (अनिश्चिततेचं गणित). बाजूला बसलेला मुलगा तेवीस वर्षांचा असेल आणि गणितं तुमच्या तिप्पट वेगाने सोडवेल. मग सर्वंकष परीक्षा, मग प्रस्ताव, मग प्रबंध. एकूण साडेचार-पाच वर्षं धरा.

आणि पेपर. भारतातल्या बऱ्याच बिझनेस स्कूलमध्ये ऑस्ट्रेलियन बिझनेस डीन्स कौन्सिलची जर्नलांची यादी चालते: ए स्टार, ए, बी, सी. वरच्या जर्नलमध्ये एक पेपर यायला दोन-तीन वर्षं सहज जातात. माझा पहिला पेपर संपादकाने सहा दिवसांत डेस्कवरूनच परत पाठवला, दुसऱ्या जर्नलने सात महिन्यांनी नाकारला, तिसऱ्याने दुरुस्त्या सांगितल्या आणि मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले, आनंदाने. दुरुस्त्या सांगणं ही या जगात चांगली बातमी असते.

माझ्या आधीच्या बॅचला ४४ वर्षांचे एक गृहस्थ होते, रिफायनरीतून आलेले. वय आड आलं नाही. गणित आड आलं, पण ते पहाटे उठून शिकले.

लेथ_मशीन

म्हणजे पाच वर्षं घासायची, आणि शेवटी असा पेपर लिहायचा जो कारखान्यातलं कोणी वाचणार नाही. हे का चालवून घेतो आपण?

पवईकर_मास्तर

लेथभाऊ, तुमची तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. हे असं का झालं तेही सांगतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलना विद्यापीठात कोणी मान देत नव्हतं. निवृत्त मॅनेजर यायचे, किस्से सांगायचे, मुलं पास व्हायची. १९५९ साली फोर्ड आणि कार्नेगी या दोन फाउंडेशनांचे दोन अहवाल आले. दोन्हींचं म्हणणं साधारण एकच, की अभ्यासक्रम उथळ आहे, गणित आणि समाजशास्त्रं आणा, संशोधन करा. त्यानंतर संख्याशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि इंजिनियर या शाळांत आले. आपल्या कोलकाता आणि अहमदाबादच्या आयआयएम १९६१ च्या, पवईची निटी १९६३ ची, चर्चगेटची जमनालाल बजाज १९६५ ची. सगळ्या त्याच लाटेतल्या. काटेकोरपणा आला आणि त्याबरोबर कारखाना दुरावला. मला दोन्ही गोष्टींचं मोल वाटतं, म्हणूनच शॉप फ्लोअरवरून आलेला माणूस इथे हवा असं मी पोटतिडकीने म्हणतो.

एक प्रसंग सांगतो. मी दरवर्षी लिटलचा नियम शिकवतो. पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेल्या जॉन लिटलनी १९६१ साली सिद्ध केलेला. रांगेत सरासरी किती माणसं असतात? मिनिटाला जितकी येतात गुणिले प्रत्येकाला जितकी मिनिटं थांबावं लागतं तितकी. फळ्यावर दोन ओळींत होतं, मुलं मान डोलावतात. मी त्यांना कांजूर स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर पाठवतो, संध्याकाळी साडेपाचला, घड्याळ घेऊन.

एका वर्षी एक गट आला आणि म्हणाला, "सर, नियम चुकतोय." रांगेत सरासरी १२ माणसं. गाडीवाला मिनिटाला तिघांना देतो. म्हणजे थांबायला ४ मिनिटं लागायला हवीत. पण त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून मोजलं तर ६ मिनिटं. एकाने तर मोजण्यातच चूक आहे म्हणून आकडे बदलले होते, तेही त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. मी म्हटलं, उद्या परत जा, पण या खेपेला घड्याळ खिशात ठेवा आणि गाडीवाल्याचे हात बघा. दुसऱ्या दिवशी एक मुलगी धावत आली. गाडीच्या डाव्या अंगाला पार्सलवाले उभे राहतात, रांगेत न लागता. गाडीवाला दोन वडापाव रांगेला देतो, तिसरा डावीकडे. रांग मिनिटाला दोघांचीच पुढे सरकत होती. बारा भागिले दोन, सहा मिनिटं. नियम बरोबर होता, मुलांनी रांगेचा वेग चुकीचा मोजला होता.

त्या मुलीने आधी दोन वर्षं पुण्याकडच्या एका कारखान्यात काम केलं होतं. हात बघायचे हे तिला सांगावं लागलं नसतं, पण वर्गात आली की सगळेच फळ्याकडे बघायला लागतात.

गिरगावकर

कांजूर स्टेशनबाहेरची कुठली गाडी? पूर्वेची की पश्चिमेची?

पवईकर_मास्तर

पश्चिमेची. चटणी अजून तशीच आहे.

नानाकाका_ठाणे

अवांतर: मुंबईत हा विषय शिकवायचा आणि डबेवाल्यांचं नाव निघालं नाही असं कसं? १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसं. हार्वर्डने २०१० मध्ये त्यांच्यावर केस (वर्गात चर्चेसाठी वापरतात तो अभ्यास) लिहिली, ती आता जगभर शिकवतात.

चौथं_वर्ष

हो, आणि त्या केसमधली माझी आवडती गोष्ट म्हणजे झाकणावरच्या खुणा. मधला मोठा आकडा कुठल्या भागात उतरवायचं ते सांगतो, कडेची अक्षरं आणि आकडे इमारत, मजला आणि पोचवणारा माणूस सांगतात, रंग आणि आकार मूळ स्टेशन सांगतो. पूर्ण पत्ता लिहितच नाहीत, कारण शेवटच्या टप्प्यावरचा माणूस वर्षानुवर्षं तोच असतो आणि त्याला घर पाठ असतं. माणसाच्या डोक्यात जे आहे ते खुणेत घालायचं नाही, ही केवढी मोठी डिझाइनची समज आहे!

लेथ_मशीन

हे मात्र पटलं. आमच्याकडे संगणकात सतरा रकाने भरायला लावतात, ऑपरेटरला त्यातले तीन लागतात.

मुलुंडची_मेघा

आता मी लिहिते, कारण ही बाजू कोणी लिहिलेली नाही.

माझ्या नवऱ्याने हेच केलं. तो ४१ व्या वर्षी गेला. इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनियर, चांगल्या हुद्द्यावर होता. मी शाळेत शिकवते. पहिलं वर्ष आम्ही साठवलेल्या पैशांवर काढलं, दुसऱ्या वर्षी गाडी विकली. ते जमलं. जड गेलं ते वेगळंच. तो घरी असायचा आणि नसायचा. दिवसभर टेबलाशी, संध्याकाळी विचारलं काय झालं आज, तर म्हणायचा, "काही नाही." आधी कारखान्यातून यायचा तेव्हा सांगायला शंभर गोष्टी असायच्या. पंप बंद पडला, अमुक भांडला, माल गेला. आता चार महिने एका समीकरणात अडकला तर घरात काय सांगणार? सासूबाई शेजारणीला सांगायच्या, तो हल्ली घरीच असतो. त्याला ते ऐकू जायचं.

तिसऱ्या वर्षी मी एक केलं. रोज रात्री जेवताना त्याने मला दहा मिनिटं समजावून सांगायचं, मला कळेल असं. सुरुवातीला चिडायचा. मग त्याच्याच लक्षात आलं की मला सांगता आलं नाही त्या दिवशी त्याला स्वतःलाही कळलेलं नसायचं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्याने आभारात "दहा मिनिटांसाठी" एवढंच लिहिलंय.

आता तो शिकवतो. खूश आहे. पगार जुन्या नोकरीपेक्षा कमीच आहे, अजूनही. भांडुपकर, तुमच्या मिसेसशी बोललात का? धाग्यात त्यांचं "बँकेत आहे" एवढंच आलंय.

सई_पार्ले

मेघाताई, डोळ्यांत पाणी आलं. हा प्रतिसाद भावाला पाठवतेय.

कल्याण_स्लो

मेघाताईंना मनापासून नमस्कार.

गिरगावकर

थोडं हलकं करतो. भांडुपकर, पवईला गेलात तर तयारीत राहा. विहार तलावाच्या बाजूला बिबट्या दिसतो म्हणतात. रात्री उशिरापर्यंत अभ्यास केलात तर गाईड खूश, बिबट्याही खूश.

निटीचा_पोऱ्या

बिबट्याचं खरं आहे, आमच्या वेळीही दिसायचा. आणि २०२३ पासून आयआयएम मुंबई झालं असलं तरी आम्ही निटीच म्हणणार. आमच्याकडे "मंडी" असायची. मॅनेजमेंटच्या पोरांना शैक्षणिक खेळणी देऊन एक दिवस मुंबईच्या रस्त्यावर विकायला पाठवायचे. दादरला फुलबाजाराजवळ उभा राहिलो, पहिल्या दोन तासांत एकही गेलं नाही. शेवटी शेजारच्या गजरेवाल्या मावशींनी सांगितलं, "बाळा, हातात धरून उभा राहू नकोस, पोराच्या हातात दे." संध्याकाळपर्यंत सगळी गेली.

भांडुपकर_मेक

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे गायब होतो, कारण मास्तरांनी दिलेला गृहपाठ करत होतो.

मेघाताई, तुमचा प्रतिसाद मी बायकोला मोबाईलवर वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "दहा मिनिटं आजपासूनच सुरू कर." मग मी तिला हे सांगितलं:

आमच्याकडे १६० टनी प्रेसवर डाय बदलायला किती वेळ लागतो याचं रजिस्टर आहे. ठरवून दिलेला वेळ ४० मिनिटं. दिवसपाळी लिहिते ४०, रात्रपाळीही लिहिते ४०. कधी ३८, कधी ४२, पण त्याच्या आसपासच. मी दोन आठवडे दोन्ही पाळ्यांना स्वतः उभा राहिलो. दिवसा प्रत्यक्षात ५५ च्या आसपास लागतात, रात्री ३५. दिवसा टूल रूमची किल्ली साहेबांकडे, चिठ्ठीवर सही हवी, क्रेनसाठी दुसऱ्या लाइनशी भांडण. रात्री किल्ली ऑपरेटरच्याच खिशात.

माझं पहिलं डोकं असं चाललं, की दिवसाची किल्लीपण ऑपरेटरला द्या, ५५ चे ३५ होतील. म्हणजे पुन्हा उत्तरच! मग मास्तर आठवले. न कळलेलं काय? की दोन्ही पाळ्या ४०च का लिहितात?

रात्रपाळीच्या सेटरला चहा पिताना विचारलं. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा, मी त्यांना दादा म्हणतो. ते म्हणाले, "साहेब, ३५ लिहिलं तर पुढच्या महिन्यापासून ३५ हेच टार्गेट. ज्या दिवशी डाय अडकेल त्या दिवशी मी काय करू?" दिवसपाळीच्या सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, ५५ लिहिलं तर खुलासा द्यावा लागतो, म्हणून बाकीची १५ मिनिटं "मेंटेनन्स" मध्ये टाकतो. मी अठरा वर्षं त्या रजिस्टरवर सह्या करत आलोय.

पवईकर_मास्तर

भांडुपकर, हा प्रतिसाद मी खुर्चीतून उठून वाचला. हाच तो. ५५ चे ३५ कसे करायचे हे शिगेओ शिंगो या इंजिनियरने जपानमध्ये फार पूर्वी दाखवून दिलंय. दोन माणसं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी खोटं लिहून एकाच आकड्यावर कशी भेटतात, आणि त्या आकड्यावर वर बसलेला माणूस काय काय ठरवतो, हा बिझनेस स्कूलचा प्रश्न आहे.

चौथं_वर्ष

खूप छान! पण थोडं थंड पाणीही ओतते, कारण मुलाखतीत हेच विचारतील. रात्रपाळीच्या दादांनी सांगितलेलं जुनं आहे. काम वेगाने केलं तर दर कापतील म्हणून कामगार मुद्दाम हळू काम करतात, हे टेलरनी स्वतः गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. चांगली कामगिरी दाखवली की पुढचं लक्ष्य वर जातं, याला अर्थशास्त्रात रॅचेट परिणाम म्हणतात. दातेरी चाक एकाच बाजूला फिरतं तसं. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. तेव्हा तुमचं नवीन काय? माझ्या मते दोन पाळ्यांची उलट्या दिशेची लपवाछपवी आणि "मेंटेनन्स" हा रकाना. ते पैसे आणि मिनिटं दुसऱ्याच खात्यात जातात, म्हणजे मेंटेनन्सचे आकडेही खोटे. तिकडे खणा.

लेथ_मशीन

"मेंटेनन्स" मध्ये टाकणं आमच्याकडेही चालतं. मी स्वतः टाकलंय. भांडुपकर, हे लिहा तुम्ही. आणि लिहाल ते इथे मराठीतही टाका, मी माझ्या पोरांना वाचायला देईन.

भांडुपकर_मेक

नक्की देईन, लेथभाऊ. चौथं_वर्ष, "मेंटेनन्स" चा रकाना माझ्या डोक्यातच आला नव्हता. गेल्या तीन वर्षांची रजिस्टरं मागवलीत, कंपनीची लेखी परवानगीही मागितली आहे.

ठरलं ते असं. घरी बसून हिशेब मांडला. हप्ते बायकोच्या पगारातून निघतात, मुलीच्या दहावीपर्यंतचे पैसे वेगळे काढले. यंदा पूर्णवेळसाठी दोन ठिकाणी अर्ज केलेत, एक पवईतच. मिळालं तर नोकरी सोडणार. नाही मिळालं तर नोकरी सांभाळून करता येणारे जे डॉक्टरल कार्यक्रम आहेत त्यांपैकी एकाला पुढच्या वर्षी. गणितासाठी रोज पहाटे पाचला उठतोय, लिनियर अल्जिब्रा पुन्हा पहिल्यापासून. मुलगी आठवीचं बीजगणित घेऊन शेजारी बसते.

पहिली मुलाखत येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊला.

पवईकर_मास्तर

पवईची का? मग कांजूरला पश्चिमेला उतरा, साडेआठच्या आत. नंतर रिक्षा मिळत नाही. मूळ रजिस्टर नेऊ नका, परवानगी यायची आहे. तुमच्या घड्याळाच्या नोंदींची वही न्या, विचारलं तर तीच उघडून दाखवा.

मुलुंडची_मेघा

गुरुवारी रात्री इथे लिहा, काय झालं ते. वाट बघतेय.